जहाजावरचा वरखर्च

देवपूर, धुळे
११ जानेवारी २०२६

अक्का, पाया पडते.

तुझे कान गेल्यापासून फोनवर मी घसा फोडते आणि तू आपली "हो हो, जेवले" म्हणतेस. त्यापेक्षा हे पत्र बरं. निदान माझ्या घरातल्या गोष्टी अख्ख्या गल्लीला कळत नाहीत.

एक काम काढलंय. सपनाने गेल्या वर्षी आम्हा नवरा-बायकोसाठी जहाजाची तिकिटं काढली होती, ते तुला ठाऊक आहे. मुंबईहून गोवा, पुढे लक्षद्वीप, आणि परत मुंबई. १६ मार्चला चढायचं, २१ला उतरायचं. ऑगस्टमध्ये हे गेले आणि ते जहाज सगळ्यांच्याच डोक्यातून गेलं. आता जहाजवाल्यांनी कळवलंय, पैसे परत मिळणार नाहीत, पण यांच्या तिकिटावर दुसऱ्याचं नाव घालून मिळेल. वीस फेब्रुवारीच्या आत. सपना म्हणाली, आई, मला रजा नाही, पण तू जाच. मी म्हटलं, मग अक्का.

राहणं-जेवणं तिकिटात आलं, वरखर्च आपला. त्याची तयारी यांनी करूनच ठेवली होती. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, हिशेब अंगात मुरलेला. दोन वर्षं साठवून चाळीस हजार जमवले आणि सात पाकिटांत घातले. सहा दिवसांची सहा पाकिटं, दर पाकिटात सहा हजार. सातव्यावर लिहिलंय 'अडीअडचण', त्यात चार हजार. पाकिटं कपाटात आहेत. मी अजून उघडलेली नाहीत.

त्यांच्या वहीत सगळं मांडलेलं आहे. लक्षद्वीपला छोट्या होडीने बेटावर न्यायचे माणशी तीन हजार. गोव्यात टॅक्सी, तीन हजार. जहाजावरच्या नोकरमाणसांची बक्षिसी, माणशी रोज पाचशे. चहा-कॉफी रोज चारशे. आणि सगळ्यात खाली, 'रत्नाच्या मनाला येईल ते', रोज एक हजार. ते वाचून मी वही मिटली आणि भांडी घासायला गेले. तू ही यादी तपासून दे. घरखर्चात तुझा हात धरणारं अजून कोणी जन्माला आलेलं नाही.

आता जे लिहिते त्याला हसू नकोस. यादी उतरवताना मी मध्येच स्वतःच्या मनाने एक ओळ घातली, 'कंबरदुखीसाठी मालीश, चार हजार'. जहाजावर तशी सोय असते म्हणे. माझी कंबर काही दुखत नाही, हौस म्हणून लिहिलं. लिहिलं आणि पाठीमागे आवाज आला. टक्. यांच्या पंचचा. तिकिटाला भोक पाडायचा तो पंच, मशीन हातात आल्यावरही यांनी जपून ठेवलेला. तुला आठवत असेल, एखादी बाई चौदा वर्षांच्या घोड्याला अकराचा सांगून अर्धं तिकीट मागायची, तेव्हा हे भांडायचे नाहीत. पंच नुसता टक् करायचा आणि तिच्याकडे बघायचं. खोटं पकडलं की टक्.

मी ती ओळ खोडली. पंच कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे.

तुझी
रत्ना

---

धरणगाव
१९ जानेवारी

रत्ना, सुखी राहा.

पत्र मिळालं. आधी माफी मागते. मागच्या पत्राच्या पाकिटावर मी सवयीने 'सौ. रत्ना ज्ञानेश्वर बोरसे' लिहून बसले. सुनेने, पुनमने दाखवलं, तोवर पोरगा अभिमन ते पेटीत टाकून आला होता. चाळीस वर्षांची सवय, बोटं ऐकत नाहीत. तुझा पोस्टमन काही बोलला असेल तर मला कळव.

जहाजाचं म्हणशील तर सत्तराव्या वर्षी मला समुद्र दाखवायचं काय अडलंय? विहिरीत वाकून बघायलाही मला भीती वाटते. पण तू एकटी जाणार म्हणतेस, ते मला चालणार नाही. येते. घाल माझं नाव.

यादी पाहिली. चहा-कॉफीचे रोज चारशे कशाला? जेवणाच्या जागी चहा फुकट असतो असं अभिमनने मोबाईलमध्ये बघून सांगितलं. ते शंभरवर आण. गोव्यातली टॅक्सी करण्याआधी भाव ठरव, नाहीतर तो चिंचेच्या झाडाला सात वेढे घालून आणेल. जहाजावर म्हणे रोख पैसे घेत नाहीत, एक कार्ड देतात आणि त्यात आधी पैसे भरायचे, उरले तर उतरताना परत. तेव्हा एकदम सगळे भरू नकोस. हातात कार्ड आलं की माणसाला पैसा दिसत नाही, आणि न दिसणारा पैसा लवकर संपतो. शेंगा भाजून मी आणते. 'रत्नाच्या मनाला येईल ते' ही ओळ मात्र तशीच राहू दे. ती कमी करायची माझी छाती नाही.

आवाजाचं मनावर घेऊ नकोस. उंदीर असेल. नवरा गेलेल्या बाईला पहिलं वर्ष असंच असतं. मला तर ह्यांच्या खोकल्याचा आवाज दोन वर्षं येत होता, आणि तेव्हा माझे कान चांगले होते.

आणि एक ऐक. त्यांच्या वस्तू फार उघडत बसू नकोस. पाकिटंही मोजू नकोस, आहेत तशी उचलून पिशवीत टाक. मोजून ठेवलेलं पुन्हा मोजायचं कशाला?

अक्का

---

देवपूर
२८ जानेवारी

अक्का,

तू नको म्हणालीस आणि मी मोजली. लहानपणापासून तू नको म्हणालीस तेच मी करत आलेय.

सहा पाकिटं बरोबर आहेत. सातव्यात, 'अडीअडचण'मध्ये, अठराशे रुपये निघाले. मी पाकीट उलटं केलं. पाठीमागे त्यांच्या अक्षरात 'बाकी २२००', त्याला गोल, खाली सही आणि १९/८.

एसटीत सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो, गोल करतो, उतरताना मागून घ्या म्हणतो. यांनी घरातसुद्धा तीच रीत ठेवली होती. माझ्या डब्यातून वीस रुपये घेतले तरी डब्यात चिठ्ठी. आणि बाकी कधी बुडवली नाही, संध्याकाळी चिठ्ठी फाडून पैसे टाकायचे. ही एकच राहिली.

१९ ऑगस्ट म्हणजे पोळ्याच्या आधीचा मंगळवार. मला चांगलं आठवतं, कारण बैलांच्या मातीच्या मूर्ती आणायला मी त्यांना सांगितलं होतं आणि ते रिकाम्या हाताने आले. शिंदखेड्याला एसटीतल्या पुनाभाऊंकडे पेन्शनच्या कागदासाठी जातो म्हणून गेले होते. मी काल पुनाभाऊंना फोन केला. ते म्हणाले, वहिनी, ज्ञानेश्वर ऑगस्टमध्ये माझ्याकडे आलाच नाही.

मग कुठे गेले होते? मला ठाऊक नसलेली कसली अडचण यांना होती? आणि त्यानंतर नवव्या दिवशी माणूस गेला. अक्का, तुझ्याशी ते माझ्यापेक्षा मोकळं बोलायचे. तुला काही बोलले होते का?

दोन दिवस झाले, पाकीट टेबलावर पडलंय. त्याच्याकडे पाठ करून बसलं तरी खोलीत कोणी उभं असल्यासारखं वाटतं.

रत्ना

---

धरणगाव
४ फेब्रुवारी

रत्ना,

मला काय ठाऊक? पुरुषाच्या खिशाचा हिशेब बायकोलाही लागत नाही, मेहुणीला कुठून लागणार? जुन्या सोबत्याला दिले असतील. ज्ञानेश्वररावांचा हात सढळ होता. हत्ती निघून गेला, तू शेपटाशी झोंबतेस.

ते बावीसशे मी भरते. अभिमनच्या हाती पाठवते किंवा जळगावला भेटलो की देते. पाकीट भरलं की विषय संपला.

इथे कापसाची गडबड आहे, अभिमन घरी नसतो. जास्त लिहीत नाही.

अक्का

---

देवपूर
१० फेब्रुवारी

अक्का,

तुझं पत्र उभ्याउभ्याच वाचायला घेतलं. 'मला काय ठाऊक' इथे आले आणि पाठीमागे टक्. इतका स्पष्ट, की मी "आले" म्हणून वळले.

पुन्हा वाचलं. त्याच ओळीवर पुन्हा.

तू काय लपवतेस ते मला माहीत नाही. पण तुला बोलतं करायचं तर आधी मी माझं सांगायला हवं. हे सपनालाही सांगितलेलं नाही.

२८ ऑगस्ट. गणपती बसून एकच दिवस झाला होता. सकाळी चहा घेताना हे म्हणाले, "छातीवर जरा भार वाटी राह्यना." मी दूर्वा निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "गॅस शे तो. मोदक कोनी खादात? ओवा खाई ल्या." ते हसले आणि ओवा घेतला. थोड्या वेळाने म्हणाले, "दवाखान्यात जाई येऊ का?" अक्का, त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते ऐक. डॉक्टर तपासण्या काढेल. दहा-पंधरा हजार जातील. पाकिटं फुटतील आणि जहाज राहील. मी म्हटलं, "आज नको, सोमवारे जाऊ."

अकरा वाजता आरतीचं तबक घेऊन बाहेर आले तेव्हा ते खुर्चीत होते. मला वाटलं, डोळा लागलाय.

चाळीस हजार रुपये एका पारड्यात घातले आणि दुसऱ्यात माझा नवरा. हे मी केलंय. लोक मला म्हणतात, झोपेत गेल्यासारखं मरण आलं, पुण्यवान माणूस. मी मान हलवते. म्हणून ते पैसे मला शेवटच्या रुपयापर्यंत संपवायचे आहेत. जहाजाची हौस म्हणून नाही. ते घरात असले की मला श्वास घेता येत नाही.

आता तू सांग. १९ ऑगस्टला ते कुठे होते?

रत्ना

---

धरणगाव
१४ फेब्रुवारी

रत्ना,

माझ्याकडे होते.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही, हे सहानुभूतीसाठी लिहीत नाही. तुला एकटीला त्या ओझ्याखाली बघून गप्प राहिले तर मला नरकातही जागा मिळणार नाही, म्हणून लिहिते.

त्या मंगळवारी ते सकाळी नऊला दारात उभे. म्हणाले, अक्का, जिना चढलो की डावा हात जड होतो, रत्नाला बोललो नाही, तुम्ही चला सोबत. घरात अभिमन नव्हता. मी लुगडं बदललं आणि गेले. जळगावला एका हृदयाच्या डॉक्टरकडे. ईसीजीची पट्टी काढली, छातीचा फोटो घेतला, रक्त घेतलं. फी आणि तपासण्या मिळून बावीसशे झाले. त्यांनी त्या पाकिटातून काढून दिले.

डॉक्टर बोलत होता आणि ते ऐकत होते. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी कानाकडे बोट दाखवलं, तेव्हा डॉक्टरने कागद ओढला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आजच भरती करा. थांबू नका.' दोनदा खाली रेघ मारली.

बाहेर आल्यावर बाकड्यावर बसून ज्ञानेश्वरराव माझ्या तोंडासमोर तोंड आणून हळूहळू बोलले, मला ओठ वाचता यावेत म्हणून. "अक्का, तिले काही सांगू नका. जहाजवरथून येऊ द्या, मंग दवाखाना, बठ्ठं करी लेसू. ती कोठेच गयी नही. एकडाव समुद्र दखू द्या तिले." आणि अभिमनची शपथ घातली.

शपथेमुळे गप्प बसले असं मी सहा महिने स्वतःला सांगतेय. ते खरं नाही. खरं असं की मलाही वाटलं, रत्नाने एकदा तरी जावं. लग्न झाल्यापासून तू शिर्डी आणि सप्तशृंगी सोडून पाहिलंस काय? मी म्हटलं, सहा-सात महिन्यांचा प्रश्न, माणूस चालतोय-बोलतोय. ते गेल्यावर मी म्हणू लागले, मला नीट ऐकू आलंच नव्हतं. बहिरी बाई, तिला काय कळणार. पण रत्ना, मला ऐकायचं नव्हतंच. मला वाचायला दिलं होतं.

मी तुला एक ओळ लिहिली असती तर त्या सकाळी तू 'गॅस' म्हणाली नसतीस. उठून रिक्षा आणली असतीस. तुझ्या तोंडून निघालेला तो शब्द माझा आहे.

डॉक्टरचा तो कागद माझ्या ट्रंकेत होता. सोबत पाठवते. जाळ किंवा ठेव. मला जहाजावर नेऊ नकोस, माझं तोंड बघवणार नाही तुला.

मंजुळा

---

(पोस्टकार्ड)

देवपूर
१९ फेब्रुवारी

तिकिटावर तुझं नाव घातलं. आता बदलत नाही. १५ मार्चला दुपारी चारला जळगाव स्टेशनवर ये. स्वेटर आण, जहाजात गार असतं.

रत्ना

---

धरणगाव
२५ मार्च

रत्ना,

घरी पोचले. सामान उतरवायला अभिमन आला होता. पुनम विचारते, आई, मजा आली का? मी म्हटलं, पाणी खूप होतं.

सात दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. एक बहिरी आणि एक मुकी, लोकांना वाटलं असणार, काय जोडी जमलीय. तो आपल्या खोलीचा पोऱ्या मला खुणेने विचारायचा, या ताईंना पण ऐकू येत नाही का? मी हो म्हटलं. सोपं होतं ते.

तक्रार नाही करत. तू माझं पांघरूण ओढून द्यायचीस, माझ्या गोळ्या बशीत काढून ठेवायचीस. फक्त तोंडाकडे बघायची नाहीस. मी त्या पाकिटात बावीसशे गुपचूप घातले, सकाळी ते माझ्या उशाशी. मी पुन्हा घातले, पुन्हा उशाशी. पाच दिवस ते पैसे आपल्या दोन खाटांमध्ये येरझारा घालत होते. शेवटी माझ्या चोळीत राहिले आहेत. त्यांचं काय करायचं ते मला सुचत नाही.

आणि पैसे संपवणार होतीस ना? कार्डात भरलेल्यातले निम्मे परत घेऊन उतरलीस. बेटावर गेलीस आणि होडीतून उतरलीच नाहीस. 'मनाला येईल ते' यातून तू काय घेतलंस मी बघत होते. काहीही घेतलं नाहीस.

जेवायच्या टेबलाचं मी कोणाला सांगितलेलं नाही. चौघांचं टेबल, आपण दोघी. तिसऱ्या खुर्चीवर तू पिशवी ठेवायचीस, आणि वेटर ती खुर्ची दुसरीकडे न्यायला आला की खुर्चीवर हात ठेवायचीस. पहिल्या दिवशी मला वाटलं, रत्नाचं डोकं फिरलं. तिसऱ्या दिवशी मी स्वतः त्या खुर्चीकडे मिठाची बाटली सरकवली. का सरकवली ते विचारू नकोस. त्यांना वरून मीठ लागायचं. मग मी ताटात खाली बघून जेवत राहिले.

पण पत्र लिहायला बसले ते एकाच गोष्टीसाठी. चौथ्या दिवशी, चारही बाजूंना नुसतं पाणी असताना, तू कठड्याला धरून बराच वेळ बोलत होतीस. माझ्याकडे पाठ होती. वारा होता. तुझा गाल हलताना दिसत होता, ओठ दिसत नव्हते. मग तू वळलीस तेव्हा चेहरा असा होता की मी तुला ओळखलं नाही.

काय म्हणालीस? मला शिव्या दिल्या असतील तर त्याच लिही. माझ्या हक्काच्या आहेत त्या.

अक्का

---

देवपूर
६ एप्रिल

अक्का,

तुझ्याशी बोलत नव्हते. यांच्याशी बोलत होते. तुला ऐकू येत नाही, म्हणून तुझ्यासमोर मोठ्याने बोलता आलं.

जळगावहून गाडी निघाल्यापासून ते सोबत होते. तो आवाज चालू होता. जहाजावर कार्ड देणाऱ्या पोरीने विचारलं, मॅडम, हॉलिडे एन्जॉय करताय ना? मी हो म्हटलं. टक्. सपनाचा फोन आला, मी म्हटलं, मावशीशी छान गप्पा चालल्यात. टक्. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

चौथ्या दिवशी मी ठरवलं, आता विचारायचंच. खोटं बोललं की पंच वाजवता ना, मग आज मला खरं-खोटं करून द्या. मी पाण्याकडे तोंड करून म्हटलं, "तुम्हाला अक्काने मारलं." लगेच टक्. माझा हात कठड्यावरून सुटला. फेब्रुवारीपासून मी तेच वाक्य रोज घोळवत होते, अक्का. तुझं पत्र हातात घेऊन घोळवत होते. मला ते खरं हवं होतं.

मग म्हटलं, "मी मारलं तुम्हाला." टक्.

मग विचारलं, "तर मग तुम्हीच ना? डॉक्टरने लिहून दिलं तरी तुम्ही माझ्या समुद्रासाठी थांबलात ना?" त्यावर आवाज आला नाही. मी खूप वेळ उभी राहिले. लाटांचा आवाज होता, तेवढाच.

मी वळले तेव्हा तू मला पाहिलंस.

त्यानंतर आवाज आलाच नाही. ना जहाजावर, ना गाडीत, ना घरी. मला वाटलं होतं, सुटका होईल. घर खायला उठतं गं. मी कपाट उघडून पंच बाहेर काढून ठेवला, हात लावला नाही. आवाज यावा म्हणून मी आता मुद्दाम खोटं बोलते. सकाळी उठून मोठ्याने म्हणते, मी मजेत आहे. काही नाही. भाजीवाली विचारते, कसं काय ताई, मी म्हणते, एकदम झकास, आणि कान देऊन उभी राहते. काल स्वयंपाकघरात म्हटलं, मला तुमची आठवण येत नाही. तरी नाही, अक्का. त्यावरही नाही.

माझ्या मनात एक आलंय. त्या दिवशी ते तुझ्याकडे आले होते, माझ्याकडे नाही. दुखणं तुला दाखवलं, मला नाही. आताही तुझ्याच मागे धरणगावला आले असतील का? तुला ऐकू यायचं नाही. पुनमला विचार, घरात असा टक् आवाज येतो का. तू बावीसशे चोळीत घेऊन हिंडतेस, बाकी वसूल करायला तरी आले असतील.

अक्षय तृतीया, आपली आखाजी, दोन आठवड्यांवर आली. गेलेल्याच्या नावाने घागर भरतात, तशी यांची पहिली भरायची. सपना येतेय, कुंभाराकडून घागर आणू का विचारते. मी तिला थांब म्हटलंय. तुझ्याकडे असतील तर घागर कशाला भरायची? आल्या डाकेने लिही. असतील तर मी तिकडेच राहायला येते.

रत्ना

---

धरणगाव
११ एप्रिल

रत्ना, माझी बाय,

तुझं पत्र बुधवारी आलं. पुनमला सगळं सांगितलं. पोरगी चांगली आहे, हसली नाही. तीन दिवस तिने टीव्ही लावला नाही, पोरांना अंगणात काढलं आणि घरभर कान देत फिरली. मीही भिंतीला हात लावून बसत होते. बहिऱ्याला हातातून कळतं कधीकधी.

काल पुनम माझ्यासमोर बसून म्हणाली, "आई, हो लिही टाका. मावशीले बरं वाटी." मी कागद घेतला. 'रत्ना, आहेत इथे' एवढं लिहिलंही. तू आली असतीस, आपण दोघी एका घरात राहिलो असतो, मलाही ते हवं आहे. म्हातारपणी मला तरी दुसरं कोण आहे बोलायला?

मग तो कागद फाडला. मागच्या वेळीही मी तुला बरं वाटावं म्हणूनच गप्प बसले होते.

नाहीत गं. इथे कोणी नाही. पुनमला काही ऐकू आलं नाही, माझ्या हाताला काही लागलं नाही, आणि त्या खुर्चीवर वाटलं होतं तसं इथे एकदाही वाटलं नाही. ज्ञानेश्वरराव गेले, रत्ना. तुझ्याकडेही नाहीत आणि माझ्याकडेही नाहीत.

मी १८ तारखेला पहिल्या गाडीने निघते आणि दुपारपर्यंत तुझ्या दारात येते. रडायचं असेल तर रड, मला बोलायचं असेल तर समोर बसवून बोल. पुढे किती दिवस राहायचं ते तू सांग.

सपनाला सांग, घागर आण.

अक्का